दुधाच्या दातांची शिंगरं

अनारकुलच्या गळ्यात शिट्टी पडली तेव्हा तिची पन्नाशी एका वर्षावर आली होती, आणि आपण शेवटचं कधी धावलो हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. ओर्तो-बुलाक गावच्या प्राथमिक शाळेत ती बावीस वर्षं मुलांना शिवण शिकवत होती. नमदा, म्हणजे दाबून थापलेली लोकर, कापणं, काठ दुमडणं, बटण लावणं, एवढंच तिचं राज्य. खेळाचे मास्तर मॉस्कोला कामाला गेले आणि तिथेच रमले. ते परत येणार नाहीत हे गावातल्या शेळ्यांनाही कळलं होतं, एकट्या हेडमास्तर सातीबाल्दींना कळलं नव्हतं. तीन वर्षं त्यांनी वाट पाहिली. तोवर खेळाचा तास वेळापत्रकात असायचा आणि वर्गात पाढे चालायचे.

सप्टेंबरात तुरात नावाचा जिल्ह्याचा तपासनीस आला, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ घालून. पोरगेलासा माणूस, पण काम चोख. त्याने पहिली ते चौथीच्या एक्केचाळीस मुलांना मैदानात उभं केलं. तीस मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, दांड्याला लटकणं, वाकून वस्तू उचलत पळापळ आणि शेवटी पाचशे मीटर. पाचातल्या तीन गोष्टी ठरलेल्या मापात जमल्या तर मूल पास. शाळेच्या फाटकापासून कालव्याच्या पुलापर्यंत विजेचे दहा खांब आहेत, तेच पाचशे मीटर.

नऊ मुलं पास झाली. बाकीची बत्तीस कुठे कुठे गळाली ते सांगण्यात अर्थ नाही, पण कुमुश कुठे बसली ते सांगावं लागेल. तिसरीतली गुबगुबीत पोर, आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिसऱ्या खांबाशी ती गुडघ्यांवर हात ठेवून म्हातारीसारखी खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. रडलीसुद्धा नाही, रडायला श्वास लागतो.

अनारकुल खिडकीतून बघत होती, हातात सुईदोरा. या पोरीला आपण बटण लावायला शिकवलं आणि दम कसा घ्यायचा ते कोणीच शिकवलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तुरातने कागद मिटले. "आगाय, मी मे महिन्यात पुन्हा येईन," तो हेडमास्तरांना म्हणाला. "निम्मी मुलं पास झाली नाहीत तर तुमचा खेळाचा तास खालच्या मोठ्या शाळेला जोडू. महिन्यातून एकदा गाडी येईल, मुलं जाऊन खेळून येतील. आणि ते लोकरीचं जुनं गोदाम तुम्ही व्यायामाला म्हणून अडवून ठेवलंय, तेही सुटेल. बटाटे ठेवायला लोक मागतायत."

"आमचे मास्तर येणारच आहेत," सातीबाल्दी म्हणाले.

"नाही येणार," अनारकुल दारातून म्हणाली. "शिट्टी माझ्याकडे द्या."

हेडमास्तरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाड लोकरी मोजे, पायात रबरी जोडे, डोक्याला रुमाल. "अनारकुल एजे, तुम्हाला स्वतःला तरी पळता येतं का?"

"घोडा तयार करणाऱ्याला कुठे पळावं लागतं?" ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. या वाक्यामागे काय आहे ते तेव्हा कोणाला कळलं नाही, पण मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

अनारकुलचे वडील वरच्या खोऱ्यातले नावाजलेले सायापकेर होते. शर्यतीचा घोडा तयार करणारा तो सायापकेर, आणि आमच्याकडे त्या शब्दाला जो मान आहे तो मंत्र्यालाही नाही. अनारकुल लहानपणी त्यांच्या मागे बादल्या उचलत फिरायची. घोड्याच्या अंगावरचा घाम लाकडी पट्टीने निपटायची. पहिला घाम फेसाळ आणि मळकट येतो, मग दिवसांमागून दिवस तो पातळ होत जातो, आणि पाण्यासारखा निवळ आला की घोडा तयार झाला. तेराव्या वर्षी ती लांबूनच सांगायची, हा तयार आहे, तो अजून कच्चा आहे. वडील म्हणायचे, "नजर तुझीच खरी. पण पोरीला कोणी सायापकेर म्हणत नाही गं." मरताना त्यांनी घाम निपटायची पट्टी तिच्या भावाला दिली. हा भाऊ घोड्याच्या कुठल्या बाजूला तोंड असतं ते विचारून घेणारा. अनारकुलने कधी तक्रार केली नाही. तिने बटणं लावायला घेतली.

तर शिट्टी मिळाली. आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी माती खाल्ली. कपाटात एक जुनं जाडजूड पुस्तक होतं, त्यातले हात वर हात खाली तिने करून घेतले. मुलं जांभया द्यायला लागली. मग तिला वाटलं, मे महिन्यात पाचशे मीटर धावायचंय ना, मग धावूच दे. सगळ्यांना दहाही खांब धावायला लावलं. दुसऱ्या दिवशी चौदा मुलं शाळेतच आली नाहीत. कोणाच्या पोटऱ्या धरल्या, कोणाला ताप, कोणी नुसताच हट्ट धरून बसलेला. आया फाटकाशी येऊन ओरडून गेल्या.

त्या दिवशी कुंपणावर हात टेकून एक म्हातारा उभा होता. डोक्यावर पांढरा कल्पाक, पांढरी दाढी, हातात चाबूक. हा बेयशेन, आमच्या गावचा एकमेव सायापकेर, अनारकुलच्या नवऱ्याचा चुलता, आणि कुमुशचा आजा. अनारकुल या घरात सून म्हणून आल्यापासून सत्तावीस वर्षांत तिच्या जिभेवर त्याचं नाव आलेलं नव्हतं. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव घेत नाही, मग घर जळत असलं तरी. ती त्याला "करड्या घोड्याचे आबा" म्हणायची.

"सूनबाई," बेयशेन म्हणाला, "पहिल्याच दिवशी शर्यत पळवलीस होय? घोडे असते तर आतापर्यंत पुरले असते."

आजूबाजूच्या दोघातिघा म्हाताऱ्यांनी फिदीफिदी हसून घेतलं. अनारकुलचा चेहरा लाल झाला. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा टोमणा मारत होता, पण बोलत होता तिच्या बापाची भाषा.

दुसऱ्या आठवड्यापासून सगळं बदललं. पुस्तक कपाटात गेलं. मुलांना तिने सांगितलं, "आजपासून तुम्ही माझी शिंगरं. एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. पळताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटला की समजायचं जास्त झालं, चाल धरायची."

"एजे, काय बोलायचं?" एकाने विचारलं.

"मेंढ्या मोज."

मग ओर्तो-बुलाकच्या रस्त्यावर रोज सकाळी एक्केचाळीस मुलं धापा टाकत मेंढ्या मोजत पळताना दिसू लागली. एक दिवस जड काम, दुसरा दिवस हलकं, तिसऱ्या दिवशी नुसतं खेळणं. गोदामात मेंढीची कातडी अंथरून उड्या. उड्यांना माप हवं म्हणून तिने लाल नमद्याच्या पट्ट्या कापल्या आणि आठवड्याला चार बोटांनी पुढे सरकवल्या. त्यात तिचा हात बसलेलाच होता. वाकून उचलण्याच्या शर्यतीला मेंढीच्या घोट्याची हाडं, ज्यांनी आमची मुलं एरवी बसून डाव खेळतात. तीच आता दहा पावलांवर ठेवायची आणि एकेक करून पळत आणायची. दांड्याला लटकायला पाण्याचा जुना पाइप. लटकणाऱ्याने पाय हलवायचे नाहीत, नुसतं दहापर्यंत मोजायचं, पुढच्या आठवड्यात बारा. तास संपला की ती एकेकाच्या कानशिलावर बोट टेकवून घाम बघायची. मुलांना गुदगुल्या व्हायच्या. तिला मात्र कोण तयार होतंय आणि कोण कच्चं आहे ते कळायचं.

खरी अडचण मुलांची नव्हती, आयाबापांची होती. आमच्याकडे आता घरटी एकेक जुनी जपानी गाडी झाली आहे, उजव्या बाजूला सुकाणू असलेली, आणि तीनशे पावलांवरच्या शाळेत मूल गाडीतून येतं. अनारकुलने सभेत हात जोडले, चालत पाठवा म्हणाली. आयांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाड्या हजर.

मग एक दिवस बेयशेन फाटकात आडवा उभा राहिला आणि त्याने पहिल्या गाडीच्या टपावर चाबकाचा दांडा आपटला.

"काय रे, शर्यतीचा घोडा गाडीत घालून चरायला नेतोस का?"

"आबा, थंडी आहे..."

"तुझा बाप या थंडीत शेपटीला धरून घोड्याबरोबर पळायचा. उतरव खाली!"

त्या दिवसापासून मुलं चालत यायला लागली. म्हाताऱ्याला गावात कोणी नाही म्हणू शकत नाही. आणि त्याचबरोबर कुंपणाला रोज म्हाताऱ्यांची रांग लागली. सात जण. आपापल्या नातवंडांवर त्यांनी असे काही वाद घातले की शर्यतीच्या दिवसांतही घालत नाहीत. "त्याची मांडी बघ." "मांडी काय करायचीय, श्वास बघ, नाक फुलत नाहीये." अनारकुलला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. इतकी वर्षं ज्यांना नातवंडांची इयत्ता माहीत नव्हती त्यांना आता त्यांच्या पोटऱ्यांचा घेर पाठ होता.

एका कुमुशवरून मात्र तिचं आणि बेयशेनचं वाजलं. पोर डिसेंबरात पाच खांब पळायला लागली होती, मार्चमध्ये सात. म्हातारा म्हणाला, "चरबी उतरवली पाहिजे. रात्रीचं जेवण बंद करतो."

"नको आबा," अनारकुल म्हणाली. "ती वाढतेय अजून. पोटभर खाऊ दे, पळवायचं मी बघते."

"सूनबाई, मी पन्नास वर्षं घोडे सुकवलेत."

"घोडे ना?"

म्हातारा गुरगुरत निघून गेला. तिला वाटलं, विषय संपला. इथेच ती चुकली. कारण शर्यतीच्या घोड्याच्या तयारीतली शेवटची पायरी तिने मुलांना मुद्दाम सांगितली नव्हती, आणि म्हाताऱ्यांना ती सांगायची गरज नव्हती.

मेच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी नऊला तुरात आला. मैदान धुतल्यासारखं हिरवं, सात म्हातारे ठेवणीतले कल्पाक घालून कुंपणाशी, आया घोळक्याने. मुलं रांगेत आली. मुलं गप्प होती. एक्केचाळीस मुलं, त्यातली चौथीची पोरं तर एरवी झोपेतही बडबडतात, आणि आज कोणी कोणाला ढकलतसुद्धा नव्हतं. तिने पहिल्याच्या कानशिलावर बोट टेकवलं. कोरडं. ओठ कोरडे. पुढच्याचेही.

"काय झालंय तुम्हाला?"

तिसऱ्या रांगेत कुमुश डुलत होती. अनारकुलने धावत जाऊन तिला धरलं. हो, धावत. पोरगी तिच्या अंगावर रेलली.

"एजे, मी तयार आहे," ती पुटपुटली. "काल दुपारपासून काही खाल्लं नाही. पाणीपण नाही. आबा म्हणाले, असंच करतात. सगळ्यांच्या आबांनी केलं. पहाटे कोट घालून फिरवून आणलं. आता मी वाऱ्यासारखी पळेन ना?"

शर्यतीच्या आदल्या रात्री घोड्याला दावणीला बांधून उपाशी उभं ठेवतात, पहाट होईपर्यंत. आतडी हलकी होतात, घोडा तीरासारखा सुटतो. ही सातही म्हाताऱ्यांनी गुपचूप ठरवून केलेली तयारी होती. गावभरच्या सुनांना त्यांनी दटावलं होतं, चुलीवरचं दूधही लपवलं होतं. दुष्टावा नव्हता त्यात काही. ज्या घोड्यावर जीव असतो त्यालाच आमची माणसं रात्रभर बांधतात.

पण अनारकुलला त्या क्षणी हे काही सुचलं नाही. कुमुशला कडेवर घेऊन ती कुंपणाकडे निघाली, आणि तिची चाल बघूनच बाया बाजूला झाल्या.

"बेयशेन!"

मैदानावर जे होतं ते सगळं थांबलं. हेडमास्तरांच्या हातातली फाइल खाली पडली. सत्तावीस वर्षं घरात नांदलेली सून, भर माणसांत, सासऱ्याच्या जागी असलेल्या म्हाताऱ्याला नावाने हाक मारत होती.

"बेयशेन, पन्नास वर्षं घोडे सुकवलेत ना तुम्ही? मग सांगा मला. दुधाचे दात न पडलेल्या शिंगराला कोणी शर्यतीसाठी सुकवतं का? सांगा ना! कुठल्या सायापकेरने असं केलं? माझ्या बापाने केलं? तुमच्या बापाने केलं?" तिने कुमुशची हनुवटी वर केली. "हे बघा. दोनच दात पडलेत हिचे. बाकीचे सगळे दुधाचे आहेत अजून!"

बेयशेनने हातातला चाबूक खाली केला. बाजूच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या जोड्यांकडे बघायला सुरुवात केली. खोगीर न चढलेल्या शिंगराला कोणी सुकवत नाही, हे आमच्या गावातलं रांगणारं पोरही सांगेल. म्हाताऱ्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. आपली नातवंडं शिंगरं आहेत, हेच विसरायला झालं होतं.

अनारकुल वळली. "तुरात, मुलांनी काल दुपारपासून खाल्लेलं नाही. आधी खातील, मग निजतील, मग तुझी परीक्षा. दुपारी घेऊ."

तुरातने घड्याळाकडे पाहिलं. "एजे, मला एक वाजता खालच्या शाळेत पोचायचंय. आत्ता घेतो, नाहीतर हजर नाहीत असं लिहावं लागेल. म्हणजे शून्य."

सगळे तिच्याकडे बघत होते. आठ महिने. एक्केचाळीस कानशिलं रोज. गोदामातली कातडी, लाल पट्ट्या, पाइप, सगळ्याच्या जागी बटाटे. आणि मुलं तयार होती, हे तिला तिच्या बापाच्या नजरेने दिसत होतं. उपाशीपोटीही त्यातली काही पास झाली असती. कदाचित निम्मी झालीही असती.

"लिही शून्य," ती म्हणाली. "उपाशी मूल मी पळवणार नाही."

मग ती बायांवर ओरडली, "बघता काय? दूध घाला चहात, रोटी आणा, बोरसोक आणा! मांस नको, जड होईल!" बाया पांगल्या तशा घराघरांतून धूर निघाला. अर्ध्या तासात गोदामात चादर पसरली, त्यावर कणकेच्या तळलेल्या बोरसोकांचे ढीग, मलई, कोमट दुधाचा चहा. मुलं आधी घोटघोट प्यायली, मग तुटून पडली. तिसऱ्या बोरसोकानंतर चौथीची पोरं एकमेकांना ढकलायला लागली, तेव्हा अनारकुलच्या जिवात जीव आला.

तिकडे तुरात कागद आवरून गाडीकडे निघाला होता. त्याने दार उघडलं तर दारावर चाबकाचा दांडा आडवा आला.

"रोटीला तोंड न लावता निघालास?" बेयशेनने विचारलं.

"आबा, उशीर झालाय."

"गाव कोणतं रे तुझं?"

तुरातने गावाचं नाव सांगितलं.

"तिथे पाहुणे रोटी ओलांडून जातात का?"

आता याला काय उत्तर आहे? आमच्याकडे कोणी रोटी पुढे केली तर चिमूटभर का होईना, तोंडात टाकल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. तुरात बेयशेनच्या घरी गेला, उभ्याउभ्या तुकडा मोडायचा म्हणून. पण तुकडा मोडेपर्यंत म्हाताऱ्याने त्याला बसवलं, बसेपर्यंत वाडगं आलं. सुटून बाहेर पडला तर दारात दुसरा म्हातारा उभा. "यांच्याकडे तोंड लावलंस, आमची रोटी काय कडू आहे?" दुसऱ्याकडून सुटला तर तिसरा. सात म्हातारे, सात घरं. चौथ्या घरी तुरातला डाव कळला. तो मोठ्याने हसला, त्याने कमरेचा पट्टा एक भोक सैल केला आणि खालच्या शाळेला फोन लावला. "सोमवारी येतो," तो म्हणाला. "ओर्तो-बुलाकमध्ये अडकलोय. नाही, गाडी चांगली आहे. माणसं..." मग त्याच्या तोंडात कोणीतरी मलई लावलेला घास घातला असावा, कारण पुढचं ऐकू गेलं नाही.

बारा वाजता तो मैदानात परतला तेव्हा त्याला वाकता येत नव्हतं. मुलं मात्र कातड्यांवर दोन तास पडून उठली होती आणि गाल लाल झाले होते.

परीक्षा झाली. तपशील सांगत बसत नाही. उड्या लाल पट्टीच्या पुढे पडल्या. हाडं उचलताना पहिलीतली एक चिमुरडी इतकी भराभर वाकत होती की आया ओरडून ओरडून घसा बसवून बसल्या. पाइपला लटकलेल्या पोरांना शेवटी उतरवावं लागलं. मग पाचशे मीटर. दहा खांब. मुलं सुटली, आणि सवयीने मेंढ्या मोजत सुटली. तुरातला कळेना हे काय चाललंय.

कुमुश सगळ्यात मागे होती. तिसरा खांब गेला, सातवा गेला. सातव्याच्या पुढे ती कधी गेलेली नव्हती. आठव्याशी तिने चालायला सुरुवात केली, तशी पुलाकडून बेयशेन पुढे आला, आणि रस्त्याच्या कडेने तिच्या बरोबरीने चालत राहिला. तिने श्वास घेतला, "एकोणतीस... तीस..." असं काहीतरी म्हणाली आणि पुन्हा पळायला लागली. दहावा खांब तिने हाताने शिवला.

तुरातने घड्याळ केव्हाच थांबवलं होतं.

"तिची वेळ लिही," बेयशेन म्हणाला.

"वेळ संपून गेली, आबा. मापात बसत नाही."

"नाही बसत तर नाही बसत. पण किती लागली ते लिही. शरदात ती तिसऱ्या खांबाशी बसली होती, तूच बघितलंस. पुढच्या वर्षी येशील तेव्हा कुठून मोजायचं ते कळायला नको?"

तुरातने अंदाजाने वेळ लिहिली. मग गोदामाच्या पायरीवर बसून बेरीज केली. अनारकुल मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी होती आणि हातातला दोर गुंडाळत होती. गुंडाळून झाला की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

"सत्तावीस पास," तो म्हणाला.

मग हेडमास्तर सातीबाल्दींनी स्वतःचा कल्पाक काढून हवेत उडवला. तो थेट गोदामामागून वाहणाऱ्या कालव्यात पडला. एक्केचाळीस पोरं तो काढायला धावली, आणि त्या धावण्याची वेळ कोणी मोजली असती तर सगळीच पास झाली असती.

कागदावर एक जागा राहिली होती. तुरातने लेखणी टेकवली. "तयारी कोणी करून घेतली? नाव अनारकुल. हुद्दा काय लिहू, शिवणाच्या शिक्षिका?"

"सायापकेर लिही," बेयशेन म्हणाला.

कुंपणावरचे सहाही म्हातारे त्याच्याकडे वळले. गावात तो हुद्दा एकट्याचा होता आणि त्याने तो कोणाला, स्वतःच्या मुलालाही, दिला नव्हता.

"आबा, आमच्याकडे असा हुद्दा नाही."

"मग करून घ्या. दुधाच्या दातांचा घोडा कसा तयार करायचा हे मला येत नाही. तिला येतं."

अनारकुलच्या हातातला दोर सुटून खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. तिला वडील आठवले, ती पट्टी आठवली, आणि पन्नाशीची बाई मुलांसमोर रडली तर तास कोण घेणार हेही आठवलं. ती उठली तेव्हा म्हातारा समोर उभा होता. कुमुशने त्याचा हात धरला होता.

"आबा," ती खाली मान घालून म्हणाली, "मघाशी माझ्या तोंडून..."

"ऐकलं मी. सगळ्या गावाने ऐकलं." म्हाताऱ्याने दाढी खाजवली. "सत्तावीस वर्षं पोटात धरून ठेवलंस ते बरोबर वेळेला काढलंस. परत चुकलो तर परत नाव घे."

"नाही हो आबा," अनारकुल म्हणाली. आता तिला हसू आवरेना. "परत चुकू नका म्हणजे झालं."

कुमुशने मध्येच तिची बाही ओढली. तिसरा दुधाचा दात तिच्या मुठीत होता, बोरसोक खाताना पडलेला. तो दाखवून झाल्यावर तिने विचारलं, "एजे, सोमवारी जड काम की हलकं?"

अनारकुलने तिच्या कानशिलावर बोट टेकवलं. घाम होता, पाण्यासारखा निवळ.

"हलकं," ती म्हणाली. "आणि येताना नाश्ता करून ये."